तिसरं कलम

गळ्याभोवती फिरणारी मापाची पट्टी नेहमी गार असते. उन्हाळ्यातही.

युरोपातल्या एका लहान देशाला त्याच्या मित्रांनी सांगितलं, तुझे डोंगर देऊन टाक, म्हणजे शांतता राहील. बातमी शिळी होती. दहीपुलावरच्या दुकानातून तिच्यात पेढे बांधून आले होते.

"पोरगा बरा हाय. खातोय, पितोय."

गंगेचं पाणी उतरलं होतं आणि घाटावर गाळ राहिला होता. गाळावरून एका कावळ्याची पावलं पुढे पुढे गेली होती आणि मध्येच संपली होती. कावळा उडाला असणार. दुसरं काय असणार?

पानात तूप जास्त पडलं तर आधी वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं.

लहानाने मोठ्याशी मैत्री केली तर लहानाने काय द्यायचं?

"वकीलसाहेब, मुलीला कधी आणताय?"

यातलं शेवटचं वाक्य तेवढं आज सकाळचं. ते शफी शिंप्याने भद्रकालीतल्या आपल्या दुकानात, मशीनवरची मान वर न करता म्हटलं. सावळीराम संध्याकाळच्या बैठकीसाठी आपला काळा कोट न्यायला आला होता. कोट घालून बघत होता, बाही थोडी आखूड वाटत होती, तेवढ्यात हे वाक्य आलं आणि त्याचा हात बाहीतच राहिला. "कुठली मुलगी?" त्याने विचारलं. "कुठली म्हणजे? तुमचीच. गोदाबाई. वीरणगावचा माणूस परवा कापड देऊन गेला ना. दोन परकर, दोन पोलकी आणि एक लोकरीचा कोट. तिकडं डोंगरात थंडी फार म्हणे. म्हणाला, दिवाळीला पाहुणी यायचीय, त्याच्या आत पाहिजे. आता मापाशिवाय कात्री कशी लावू?" सावळीरामने बाही ओढून हात बाहेर काढला. शफीने मशीन थांबवलं, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. "या अल्ला, बापाला पत्ता नाही आणि शिंप्याला पत्ता! लग्न-बिग्न तर नाही ना काढलं पोरीचं? आठ वर्षांची असेल नसेल. आता कायदा आहे हां, वकीलसाहेब." सावळीरामही हसला. आपण हसतोय हे त्याला समोरच्या आरशात दिसलं. "घेऊन येतो," तो म्हणाला. दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्यावर त्याला कळलं की आपण 'घेऊन येतो' म्हणालो. 'आणणार नाही' म्हणायला हवं होतं. शिंप्यालाही म्हणता आलं नाही.

तो कोर्टातला वकील नव्हता. आंबेखिंड संस्थानचा वकील, म्हणजे नाशकात राहून कलेक्टर कचेरीत संस्थानचं गाऱ्हाणं मांडणारा, साहेबाच्या बंगल्यावर नाताळात फळांची डाली पोचवणारा, संस्थानाधिपतींचा धाकटा भाऊ. संस्थान म्हणजे तरी काय, कळवणच्याही पलीकडे डोंगरात बसलेली काही गावं, एक खिंड, तोफांच्या सलामीच्या यादीत नाव नाही. तिवंध्यात माडीवर भाड्याच्या तीन खोल्या, दारावर पाटी. लोक 'वकीलसाहेब' म्हणत आणि काडीमोडाचे, बांधाचे सल्ले विचारत. शेजारचं वीरणगाव मात्र मोठं. त्यांच्याकडे मोटारी, बँड, हायस्कूल, विजेचं यंत्र, दिवाण. या वर्षी सगळ्याच संस्थानांत राजांविरुद्ध प्रजा परिषदेच्या सभा होऊ लागल्या होत्या. आंबेखिंडीतही गांधीटोपीवाली मुलं येऊन झाडाखाली बोलून गेली होती. तेव्हापासून मोठे बंधू कोंडाजीराव झोपेतून उठून बसत. वीरणगावने निरोप धाडला: आपण दोघं मिळून संरक्षणाचा करार करू, जुनाच आहे, नवा करू. आज संध्याकाळी शरणपूर रस्त्यावरच्या वीरणगावच्या बंगल्यात दिवाण येणार होते आणि आंबेखिंडीच्या वतीने सावळीरामने सही करायची होती. पहिलं कलम, खिंड वीरणगावच्या पोलिसांना आणि मोटारींना सदैव खुली. दुसरं कलम, मागतील तेव्हा चाळीस माणसं. तिसरं कलम त्याला दाखवलेल्या मसुद्यात कोरं होतं. तिथे नुसता आकडा होता आणि पुढे मोकळी जागा. त्याने विचारलं होतं तेव्हा कोंडाजीरावांनी खाली बघून सांगितलं होतं, ते किरकोळ आहे, शिक्षणाविषयी आहे.

तो घराकडे न जाता गंगेकडे, म्हणजे गोदावरीच्या घाटाकडे, वळला. पायांना सवय नसलेला रस्ता पायांनीच धरला. किरकोळ आहे. शिक्षणाविषयी आहे. त्याच्या वेळीही 'शिक्षण' हाच शब्द होता, पण आंबेखिंडीत म्हाताऱ्या बायका त्याला 'ओल' म्हणत. ओल द्यायची, ओल ठेवायची. राजघराण्यातलं एक मूल मोठ्याच्या घरी राहायचं, म्हणजे लहानाने शब्द मोडायचा नाही. तो नऊ वर्षांचा होता, अंगात कापराचा वास येणारी नवी बंडी होती, आईने पाठ फिरवून डोळे पुसले होते, आणि वीरणगावच्या दरवाज्यावर त्याला ओवाळलं तेव्हा त्याला आनंद झाला होता. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. आनंद झाला होता. तिथे त्याला कुणीच नावाने हाक मारली नाही, राजापासून घोड्यांच्या मोतद्दारापर्यंत सगळे म्हणत, 'पाहुणे'. पाहुणे उठले का? पाहुण्यांना पाणी काढा. पाहुण्यांचं जेवण झालं का? त्याचं जेवण झाल्याशिवाय राजा पानावर बसत नसे. समोर पाटावर बसून तो सावळीरामचा शेवटचा घास होईपर्यंत वाट बघायचा, सौम्यपणे, मिशीवर हात फिरवत. मूल भुकेलं नसलं तरी जेवायचं, कारण एक राजा खोळंबला आहे. अजूनही समोर कुणी न जेवता बसलं की सावळीरामच्या घशात घास फिरतो. कुसाबाई, त्याची बायको, नवरा जेवल्याशिवाय जेवत नाही, जगातल्या सगळ्या बायकांची रीत, आणि रोज दोन वेळा त्याला वाटतं की आपण तपासले जात आहोत.

आणि मंगळवार. मंगळवारी वीरणगावचा बाजार. वाड्याच्या बाहेरच्या ओट्यावर गादी घालायची, त्यावर त्याला बसवायचं, पाठ ताठ, टोपी नीट. आंबेखिंडीचे लोक मध आणि हिरडा घेऊन बाजारात उतरत. ओझं विकलं की पुंजा म्हणून एक जागल्या होता तो ओट्यापाशी यायचा. त्याचं कामच ते होतं, पाहून जायचं. "उभं ऱ्हावा," पुंजा म्हणायचा. तो उभा राहायचा. "चाला." तो ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. "जीभ." जीभ दाखवायची. मग पुंजा शेवटचा प्रश्न विचारायचा, नेहमीचा, कारण पूर्वी कधीतरी भलतंच पोर गादीवर बसवून दाखवलं होतं असं डोंगरात सांगत: "तुमच्या घरामागं काय हाय?" आणि त्याने म्हणायचं, "उंबर." बाजूला वीरणगावचा शिपाई हसत उभा असायचा. पुंजा मान हलवायचा, डोंगर चढून जायचा आणि आंबेखिंडीत सांगायचा, पोरगा बरा हाय, खातोय, पितोय. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका मंगळवारी तो म्हणाला, "हौद." वीरणगावच्या वाड्यामागे हौद होता. त्याने सहज सांगितलं, विचार न करता, आपल्या घरामागे हौद आहे. पुंजा नुसता बघत राहिला. उन्हात त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला तरी त्याने पापणी हलवली नाही. शिपाई हसायचा थांबला. मग पुंजाने डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि नेहमीचीच मान हलवली. घरी जाऊन त्याने काय सांगितलं असेल? पोरगा बरा हाय, असंच. तेव्हापासून सावळीरामला कळलं की 'बरा हाय' म्हणजे काही नाही. ते कुणाबद्दलही सांगता येतं.

घाटावर दोन बायका सतरंजी धूत होत्या. एकीने दुसरीला म्हटलं, "पिळ गं जोरात, मेली जीव नाही का हातात?" आणि दोघी हसल्या. सावळीराम पायरीवर बसला. कोटाचं पुडकं मांडीवर. हात त्याने पुडक्याखाली घातले. कशाची भीती? नीट विचार कर, त्याने स्वतःला बजावलं, संध्याकाळी दिवाणांसमोर बोलायचं आहे, कारण सांगावं लागेल. काय झालं होतं तुला तिथे? त्याने आठवून पाहिलं. मारलं नाही. कोंडलं नाही. इंग्रजी शिकवलं, घोड्यावर बसवलं, आंब्याच्या दिवसांत पहिली करंडी पाहुण्यांच्या खोलीत. काही झालं नव्हतं. फक्त एक आठवडा. एका पावसाळ्यात वीरणगावच्या हद्दीत दरोडेखोर शिरले होते आणि वीरणगावने आंबेखिंडीकडे चाळीस माणसं मागितली होती आणि माणसं येईनात. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला ते पानातून कळलं. वाढणारी धोंडाबाई नेहमी पळीभर तूप घालायची. त्या दिवशी तिने दोन पळ्या घातल्या आणि त्याच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन. भात तुपात बुडाला. राजाने जवळ बोलावून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हात मानेपाशी येऊन थोडा वेळ थांबला, मऊ, उबदार हात. ज्या अबलख घोड्यावर त्याला कधी बसू देत नसत त्यावर बसवून आणलं. मोतद्दार म्हणाला, "बसा पाहुणे, हौस करून घ्या." सगळे चांगले वागत होते. इतके चांगले की त्याला मध्येच लघवीला होई. त्याने धोंडाबाईला विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, "काय व्हायचंय, बाळा? खा." नेहमी ती पाहुणे म्हणायची. त्या आठवड्यात बाळा म्हणाली. मग नद्या उतरल्या, माणसं आली, ओली, चिखलात माखलेली, आणि त्या दिवशी पानात एक पळी तूप. तिने त्याच्याकडे बघून म्हटलं, "जेवा पाहुणे." त्याला इतकं हलकं वाटलं की तो रडला. काही झालंच नव्हतं. काही होणार होतं की नाही तेही त्याला आजवर ठाऊक नाही.

आणि बहिरूकाका. वडिलांचे धाकटे भाऊ. सावळीरामच्या आधीची ओल. ते वीरणगावात तापाने गेले, एवढंच घरात बोललं जाई, आणि बोलणारा लगेच दुसरं काहीतरी बोले. तेरा वर्षांचा असताना दसऱ्याला सावळीरामचा अंगरखा वेळेवर शिवून झाला नाही, तेव्हा धोंडाबाईने एक पेटी उघडून आतून दुसरा काढला. जरीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. काजं अजून कापलेली नव्हती. शिवून झालेला आणि कधीच न घातलेला. "कुणाचा?" "पाहुण्यांचा," ती म्हणाली आणि कात्रीच्या टोकाने एकेक काज उघडत गेली. त्याला तो बरोबर बसला. कुठेही घट्ट नाही, कुठेही सैल नाही. पुढच्या मंगळवारी त्याने पुंजाला हळूच विचारलं, "काका गेले त्या वर्षी आपली माणसं आली होती का?" पुंजाने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "लय पाऊस व्हता." आणि मोठ्याने, शिपायाला ऐकू जाईल असं, "जीभ दावा."

घरी आला तेव्हा गोदा उंबऱ्यावर बसली होती. पाठ ताठ. हात मांडीवर. समोरून भाजीवाली गेली, तिच्याकडे तिने मान न हलवता फक्त डोळे फिरवून पाहिलं. "काय करतेयस?" त्याने विचारलं. "आबा, बोलू नका, मी बसलेय." "बसलीयस ते दिसतंय." "असं बसायचं असतं ना? आई म्हणाली, तिथं लोक बघायला येतात. मी किती वेळ हलले नाही माहितीय?" तिच्या नाकावर माशी बसली होती, ती तिने उडवली नाही. त्यानेच हात पुढे करून उडवली. "आबा, तिथं मोटारीत पुढं बसायला देतात का?" "देतात," तो म्हणाला. तिला काहीतरी वेगळं सांगायला हवं होतं. "आणि जिलबी?" "देतात." "मग तुम्ही परत का आलात?" तिने विचारलं. तो जिना चढून गेला.

कुसाबाईने पान वाढलं होतं. तिलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, गणपतीत कोंडाजीराव येऊन गेले तेव्हापासून. "मी सांगणार होते," ती म्हणाली, "पण तुमचं तोंड असं होतं." "कसं?" "आता झालंय तसं." त्याने भात कालवला. ती समोर बसली. "अहो, इथं तिवंध्याच्या शाळेत काय शिकणार ती? तिथं राजाच्या मुलींबरोबर बसेल. दिवाणसाहेब म्हणाले म्हणे, पूर्वी मुलगाच लागायचा, आता काळ बदललाय, आम्हाला मुलगी चालेल. किती मोठ्या मनाची माणसं." "मारलं का तुम्हाला तिथं कुणी?" "नाही." "उपाशी ठेवलं?" "नाही." "मग?" ती तुपाचं भांडं हातात घेऊन थांबली. मग तिचा आवाज खाली आला. "मलाही काय हौस आहे का, एकुलती एक पोर लांब पाठवायची? पण टोपीवाले उद्या दारात आले तर भाऊजी कुणाच्या तोंडाकडं बघणार? आपले चाळीस जण, त्यातले निम्मे त्यांच्याच सभेला बसतात. गादी गेली तर या माडीत कोण ठेवणार आपल्याला? सांगा ना." तिचं बरोबर होतं. प्रत्येकाचं बरोबर होतं. तिने त्याच्या भातावर तूप सोडलं. धार थांबली तेव्हा त्याने वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. "असं काय बघताय?" ती म्हणाली. "एवढं तूप का?" "अहो, आज सहीचा दिवस. गोडधोड नको का?" तिने हात मागे घेतला आणि तिचे डोळे एकदम भरून आले. तो जेवला. शेवटच्या घासापर्यंत. समोर कुणीतरी खोळंबलेलं होतं.

टांग्यात बसताना त्याने वाक्य तयार केलं. मुलीचं कलम काढा, नाहीतर सही नाही. एवढंच. टांग्याच्या ठेक्यावर ते बसत होतं. मुलीचं कलम काढा. नाहीतर सही नाही. रविवार कारंजा गेला. मेनरोड गेला. सगळ्या दुकानांतून दिवाळीचे आकाशकंदील लोंबत होते, आत दिवा नसलेले. नाहीतर सही नाही. मग काय होईल? टोपीवाले दारात येतील, वीरणगाव येणार नाही, किंवा वीरणगावच दारात येईल, खिंड तशीही ते घेतीलच, मोटारी तशाही जातील. आपल्याकडे देण्यासारखं आहे काय? त्याने तिन्ही कलमं मनात पुन्हा वाचली. खिंड त्यांना नको होती, त्यांना तीन रस्ते होते. चाळीस माणसं नको होती, त्यांच्याकडे पाचशेची पलटण. दोन्ही कलमं शोभेची. खरं घ्यायचं होतं ते एकच. लहान देश मैत्रीत भीती आणतो. ती मोठ्याकडे नसते, ती त्याला बाहेरून आणावी लागते आणि घरात, सगळ्यांना दिसेल अशी, गादीवर बसवावी लागते. आणि भीती बसवायची तर मूल हवं. मोठं माणूस चालत नाही. त्याने क्षणभर म्हणून पाहिलं, मला घ्या, मी येतो, आणि तिथल्या तिथे त्याला ऐकू आलं दिवाणांचं हसणं. तुम्ही तर आमचेच, पाहुणे.

किंवा दुसरं वाक्य. तुमचंही एक मूल आमच्याकडे ठेवा. करार आहे ना, दोघांचा आहे ना? हे वाक्य त्याला एवढं आवडलं की टांग्यात तो ताठ बसला. वीरणगावचा धाकटा राजपुत्र, गोरा, थोडा पडशाचा, आंबेखिंडीच्या ओट्यावर. मागे उंबर. कुसाबाई त्याला वाढतेय. आपण समोर बसलोय, न जेवता, मिशीवरून हात फिरवत. वीरणगावने काही वाकडं केलं अशी बातमी आली, तर आपण काय करू? काही नाही. आपण त्याला जवळ घेऊ. पाठीवरून हात फिरवू. कुसाबाईला सांगू, आज पोराला जरा जास्त वाढ. त्याला किती तूप वाढायचं ते सावळीरामला नेमकं ठाऊक होतं. पळीचा आकारही दिसला. हात मानेवर कुठे थांबवायचा तेही. घोडा ज्या सफाईने घराच्या वाटेला वळतो त्या सफाईने त्याचं मन हे सगळं करत होतं, आणि त्याला टांगेवाल्याला थांबायला सांगावं लागलं. शरणपूरच्या रस्त्याकडेला, चिंचेखाली, तो वाकून उभा राहिला. "ऊन लागलं काय, साहेब?" टांगेवाल्याने विचारलं. ऊन नव्हतं.

बंगल्याच्या व्हरांड्यात दिवाण सीताफळं घेऊन बसले होते. मोठ्या परातीत सीताफळं, बाजूला बियांसाठी बशी. "या, या पाहुणे!" ते उठून उभे राहिले. दिवाण होते, उठायचं कारण नव्हतं. "किती दिवसांनी. टक्कल पडायला लागलं की तुम्हाला! आम्ही तुम्हाला अबलखावर बसवलं होतं, आठवतंय? बसा. हे बघा, हे घ्या, हे पिकलंय चांगलं." त्यांनी परातीतलं सगळ्यात मोठं फळ निवडून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः काही न उचलता वाट बघत राहिले. सावळीरामने फळ फोडलं. पहिला गर तोंडात गेल्यावर दिवाणांनी आपलं फळ घेतलं. जीभ काम करत होती, बिया बाजूला काढत होती, गोड लागत होतं. "पहिलं कलम, खिंड," दिवाण म्हणाले, "त्यात काही नाही. दुसरं, माणसं. त्यातही काही नाही, कागदावरच असतात ती, देव करो आणि कधी लागू नयेत. तिसरं..." "तिसऱ्याविषयी बोलायचंय," सावळीराम म्हणाला. बोलला. आवाज त्याचाच होता. "बोला ना. त्यासाठीच बसलोय." सावळीरामने तोंडातली बी काढून बशीत ठेवली. "करार दोघांचा आहे," तो म्हणाला. "मग एखादं मूल तुमच्याकडूनही यायला हवं." दिवाणांचा हात हवेत थांबला. मग ते हसले, मनापासून, पोट हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुमच्याकडे? अहो, बिचाऱ्याला तिथं बघायला कोण येणार? तुमच्याकडे तर बाजारच भरत नाही!" दाराशी उभा असलेला शिपाईही हसला. आणि सावळीराम हसला. खरंच, बाजार भरत नव्हता.

दिवाणांनी डोळे पुसले. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. "भीती वाटते का, पाहुणे? वाटणारच, बाप आहात. पण तुम्ही तर राहून गेलात. तुमच्यापेक्षा कोण सांगणार? आता खरं सांगा, दुसऱ्याचं जाऊ द्या, तुमचं सांगा. आमच्याकडे तुम्हाला काही कमी होतं?" ते उत्तराची खरोखर वाट बघत होते. दिवाण मनाने वाईट नव्हते, त्यांच्या तोंडावर सीताफळाचा गर लागला होता. सावळीरामने उत्तर शोधलं. तूप होतं. घोडा होता. इंग्रजी होतं, ज्याच्यावर तो आज पोट भरत होता. आंबे होते. हात होता, उबदार, मानेवर. त्याने वाक्य शोधलं, टांग्यात पाठ केलेलं, मुलीचं काहीतरी, नाहीतर काहीतरी. तोंडात एक बी राहिली होती, ती त्याने दाताखाली धरली. बागेत माळी पाणी घालत होता आणि पाण्याचा आवाज येत होता, त्यातून आणखी एक आवाज येऊ लागला, सपाट, बारीक, आज्ञाधारक, आणि तो आपलाच आहे हे त्याला थोड्या वेळाने समजलं.

"गोदाला साय चालत नाही," तो सांगत होता.

"साय नाही," दिवाण म्हणाले. शिपायाकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेव रे."

"दूध गाळून द्यायला लागतं. आणि ती एका कुशीवर झोपते, भिंतीकडं तोंड करून. भिंत नसली तर झोपत नाही."

"भिंतीपाशी खाट. झालं."

"वीज कडाडली तर कुणीतरी जवळ लागतं. बोलायला नको काही, नुसतं बसायचं. आणि तिला विचारलं, भूक आहे का, तर ती हो म्हणते. नसली तरी. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. तेव्हा विचारायचं नाही. तेवढं सांभाळा. एवढंच आहे. आणि केस विंचरताना..." तो बोलत राहिला. बोलताना त्याला बरं वाटत होतं. दिवाण मान हलवत होते, प्रत्येक गोष्ट ऐकून घेत होते, मध्ये एकदा त्यांनी हात पुढे करून त्याचा खांदा थोपटला. शिपायाने दौत आणि टाक त्याच्या उजव्या हाताशी आणून ठेवले.

गोदा जन्मली तेव्हा तिचा पाळणा वीरणगावहून आला होता. सागवानी होता. घरच्यांनी तिला त्यातच झोपवलं.